‘रेन-मार्टिन घ्या’ या सल्ल्याची उलटतपासणी

इंग्रजी सुधारायचे आहे, कोणते पुस्तक घेऊ, असा प्रश्न महाराष्ट्रात कुठेही विचारा, उत्तर बहुतेक ठरलेले असते : रेन अँड मार्टिन घ्या. सल्ला देणाऱ्याने ते स्वतः शेवटपर्यंत वाचलेले असतेच असे नाही. बहुधा नसतेच. पण त्याला कुणीतरी तेच सांगितलेले असते आणि त्या कुणालातरी आणखी कुणी. साहित्यकृतींच्या बाबतीत अशी ऐकीव प्रतिष्ठा आपण खपवून घेत नाही. कादंबरी थोर आहे असे कुणी म्हटले तर कशी ते दाखवा म्हणतो. व्याकरणाच्या पुस्तकांना मात्र समीक्षक मिळत नाही. ती परीक्षेच्या खात्यात जमा होतात. परिणामी चाळिशीत, पन्नाशीत स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी लिहू पाहणारा माणूस चुकीच्या पुस्तकाशी वर्षानुवर्षे झटत राहतो आणि शेवटी ठरवून टाकतो, की दोष आपल्याच डोक्यात आहे.

मी त्यातलाच एक. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीपासून. एकोणिसाव्या वर्षी मी रेन-मार्टिन घेतले आणि जवळजवळ सगळे वह्यांमध्ये उतरवून काढले. वाक्यपृथक्करण तोंडपाठ झाले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जुन्या व्याकरणग्रंथांच्या शोधात परदेशातल्या एका ग्रंथालयाला पत्र लिहिले. त्यात माझे वाक्य होते, ‘आय ॲम कलेक्टिंग ओल्ड ग्रामर्स सिन्स टेन इयर्स.’ तिथल्या ग्रंथपालबाईंचे उत्तर सौजन्यपूर्ण होते. चूक दाखवलेली नव्हती. फक्त पहिल्याच ओळीत त्यांनी माझी माहिती परत लिहिली होती : ‘यू हॅव बीन कलेक्टिंग ओल्ड ग्रामर्स फॉर टेन इयर्स.’ ती ओळ मी कितीतरी वेळ पाहत बसलो. व्याकरणाचीच पुस्तके गोळा करणारा माणूस, आणि व्याकरणाचीच चूक! आणि ही चूक माझी एकट्याची नव्हती. मराठी माणसाच्या इंग्रजीत ती जागोजाग सापडते. मग एवढ्या खपाच्या पुस्तकाने ती थांबवली का नाही?

हा प्रश्न घेऊन मी पुन्हा पुस्तकांकडे गेलो.

रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरेन लिजनवरची गाजलेली साहसकादंबरी (1924) लिहिणारा तोच हा लेखक. कादंबरीकार म्हणून नाव होण्याआधी तो मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होता. मार्टिनसह त्याच्या नावावर निघालेले व्याकरण 1930 च्या दशकातले. पण त्याचा सांगाडा त्याहून फार जुना आहे. त्याच्या आधी आपल्याकडे जे. सी. नेस्फील्डचे राज्य होते. हा गृहस्थ वायव्य प्रांत आणि अवध इथे शिक्षणसंचालक होता आणि त्याचे ‘इंग्लिश ग्रामर, पास्ट अँड प्रेझेंट’ 1898 चे. त्याच्याही मागे गेले की लिंडली मरे, 1795. मूळचा अमेरिकन, पेशाने वकील, इंग्लंडातल्या यॉर्क इथे स्थायिक झालेला. या परंपरेने इंग्रजीला लॅटिन व्याकरणाच्या साच्यात बसवले : आधी शब्दांच्या जाती, मग लिंग, वचन, विभक्ती, मग काळ. हा क्रम ज्याला भाषा येते त्याने तिचे वर्गीकरण करावे यासाठी ठीक आहे. ज्याला ती यायची आहे त्याला तो काय देतो? रेन-मार्टिनच्या लिंगविचारात ‘ड्रेक’ म्हणजे नर बदक आणि ‘डक’ म्हणजे मादी, हे मी एकोणिसाव्या वर्षी पाठ केले. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत ‘ड्रेक’ लिहिण्याची वेळ माझ्यावर एकदाही आली नाही. ‘सिन्स’ लिहिण्याची रोज आली.

इथे आपल्या घरातलीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणांचाच नमुना होता. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी या आपल्या शाळेतल्या आठ जाती म्हणजे इंग्रजीच्या आठ ‘पार्ट्स ऑफ स्पीच’च आहेत. या उसनवारीवर मराठी व्याकरणचर्चेत पुढे पुष्कळ वाद झाले. अरविंद मंगरूळकर, कृष्ण श्रीनिवास अर्जुनवाडकर यांचे लेखन जाणकारांना आठवेल. पण इंग्रजी शिकणाऱ्याचे यात काय नुकसान झाले याकडे कुणी फारसे पाहिलेले दिसत नाही. नुकसान असे, की मराठी मुलगा तोच साचा दोनदा शिकतो आणि त्याची समजूत होते की दोन्ही भाषांची ठेवण एकच आहे, शब्द फक्त बदलायचे. ‘शब्दयोगी अव्यय म्हणजे प्रिपोझिशन’ हे एकदा लिहून घेतले, की ‘घरात’मधल्या ‘त’ला ‘इन’ आणि ‘टेबलावर’मधल्या ‘वर’ला ‘ऑन’ असे कायमचे चिकटते. मग ‘बसमध्ये’ असताना ‘ऑन द बस’ का आणि ‘गाडीत’ असताना ‘इन द कार’ का, याचा पत्ता त्याला कोण देणार?

तेव्हा पुस्तकांची परीक्षा घेण्यासाठी मी एक साधी पद्धत ठरवली. पुस्तक कुणाचे, किती आवृत्त्या निघाल्या, हे विचारायचेच नाही. मराठीमुळे जिथे हमखास पाय घसरतो अशा जागा घ्यायच्या आणि प्रत्येक पुस्तक त्या जागी उघडून पाहायचे.

पहिली जागा अर्थात ‘पासून’. मराठीत ‘सोमवारपासून पाऊस पडतोय’ आणि ‘तीन दिवसांपासून पाऊस पडतोय’ ही दोन्ही वाक्ये चालतात. इंग्रजीत एकाला ‘सिन्स’ लागतो, दुसऱ्याला ‘फॉर’. शिवाय आपला साधा वर्तमान किंवा ‘पडतोय’ तिथे चालत नाही, ‘हॅज बीन रेनिंग’ म्हणावे लागते. रेन-मार्टिनमध्ये याचे उत्तर नाही असे नाही. आहे, पण प्रिपोझिशनचे प्रिपोझिशनांत आणि काळाचे काळांच्या प्रकरणात, असे विखुरलेले. चूक एकच आहे आणि ती एकाच श्वासात होते, हे त्या रचनेला दिसत नाही. रेमंड मर्फीचे ‘इंग्लिश ग्रामर इन यूज’ (पहिली आवृत्ती 1985) इथे सरळ उजवे ठरते. डाव्या पानावर एकच मुद्दा, उजव्या पानावर त्याचाच सराव, उत्तरे शेवटी त्याच पुस्तकात. सुरुवातीपासून ओळीने करत जाण्याची गरज नाही, आपले अडते तिथेच उघडा, असे ते शिकणाऱ्याला बजावते. रेन-मार्टिनची उत्तरे वेगळ्या पुस्तकात विकत घ्यावी लागतात, ही बाब किरकोळ वाटेल. ज्याला तपासून द्यायला घरीदारी कुणी नाही त्याच्यासाठी ती किरकोळ नाही.

तरीही मर्फी जगभरातल्या सगळ्यांसाठी लिहितो, त्यामुळे मराठीत दडलेली खूण त्याला ठाऊक असणे शक्य नाही. ‘तीन दिवस पाऊस पडतोय’ असे आपण ‘पासून’ गाळूनही म्हणतो. ‘सोमवार पाऊस पडतोय’ असे म्हणत नाही. जिथे ‘पासून’ गाळता येते तिथे ‘फॉर’, जिथे गाळता येत नाही तिथे ‘सिन्स’. एवढी एक ओळ मला एकोणिसाव्या वर्षी कुणी सांगितली असती तर ते पत्र तसे गेले नसते.

दुसरी जागा ‘अ’ आणि ‘द’. ‘आपल्या भाषेत आर्टिकल नाही’ असे सांगून शिक्षक मोकळे होतात आणि पुस्तके याद्या देतात : नद्यांना ‘द’, समुद्रांना ‘द’, पर्वतरांगांना ‘द’, ठरावीक ग्रंथांना ‘द’. रेन-मार्टिनची ती यादी मी पाठ केली होती. गंमत अशी, की लिहिताना नद्या आणि पर्वतरांगा क्वचित येतात. येतात ती साधी माणसे, टेबले, पत्रे, अडचणी. आर्टिकल नाही हे खरे, पण आर्टिकल ज्यासाठी असते तो भेद मराठीला ठाऊक नाही, हे साफ खोटे. ‘आम्ही मुलगी पाहायला गेलो’ आणि ‘आम्ही मुलीला पाहायला गेलो’ ही दोन वाक्ये कुणाही मराठी माणसापुढे ठेवा. पहिल्यात कांदेपोहे आहेत. दुसऱ्यात ऐकणाऱ्याला माहीत असलेली एक विशिष्ट मुलगी आहे, कदाचित सासरी, कदाचित दवाखान्यात. ‘एक माणूस तुमची चौकशी करत होता’ आणि ‘तो माणूस पुन्हा आला होता’ यांतही तेच. ऐकणाऱ्याला कोणता ते ठाऊक आहे का, हाच प्रश्न आपण ‘ला’ लावून, ‘एक’ किंवा ‘तो’ घालून सोडवतो. इंग्रजी तो ‘अ’ आणि ‘द’ने सोडवते. फरक इतकाच, की आपल्याला तो कधी कधी सोडवावा लागतो आणि मोजता येणाऱ्या एकवचनी नामाच्या बाबतीत इंग्रजीला जवळजवळ प्रत्येक वेळी. मर्फी इथेही बरा आहे. वस्तूचा पहिला उल्लेख आणि दुसरा उल्लेख असा छोटा प्रसंग रचून तो भेद दाखवतो. पण ‘मुलगी’ आणि ‘मुलीला’पासून सुरू होणारे पान मला कुठेच मिळाले नाही.

तिसरी जागा दुसऱ्याचे बोलणे सांगण्याची. ‘तो म्हणाला, की मी उद्या येतो.’ मराठीत ‘की’ आले तरी आतले वाक्य जसेच्या तसे राहते. ‘मी’ म्हणजे तो, आणि ‘उद्या’ म्हणजे त्याचा उद्या. याचे शब्दशः इंग्रजी केले, ‘ही सेड दॅट आय विल कम टुमारो’, तर वाचणाऱ्याला वाटते की येणारा माणूस मी आहे. ही व्याकरणाची बारीकशी चूक नाही. कचेरीच्या पत्रव्यवहारात यावरून गैरसमज होऊ शकतो. रेन-मार्टिनमध्ये या विषयावर सबंध प्रकरण आहे, पण ते अवतरणचिन्हे काढून सर्वनामे आणि काळ बदलण्याच्या कसरतीचे. ती कसरत आम्ही पाच-पाच मार्कांसाठी केली आणि लिहायला बसलो की विसरलो, कारण आपले मूळ वाक्य अवतरणचिन्हांत नसतेच, ते ‘की’च्या मागे असते. हाच न्याय ‘च’ला. ‘आजच या’चे ‘कम टुडे ओन्ली’, ‘इथेच’चे ‘हिअर ओन्ली’. इंग्रजी हे काम कधी नुसत्या आघाताने करते, कधी वाक्याची मांडणी फिरवून. इंग्रजीतल्या कोणत्याही पुस्तकाच्या सूचीत ‘च’ कसा सापडणार?

आता खरी हळहळ. मराठीतून निघून इंग्रजीकडे जाणारे पुस्तक आपल्याकडे होते. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. (पाठमालेचे कर्ते हे, व्याकरणकार दादोबा ते वेगळे. दोघांची गल्लत सर्रास होते.) धडा उघडला की शब्द, एखादा नियम, आणि मग वाक्ये : ही मराठीत करा, ही इंग्रजीत करा. किती घरांत ती पाठमाला आजोबांकडून नातवाकडे आली असेल! पुढे शिक्षणशास्त्राची हवा बदलली. परकी भाषा त्याच भाषेतून शिकवावी, मधे मातृभाषा आणू नये, हे मत प्रतिष्ठित झाले आणि भाषांतर जुनाट ठरले. वर्गात बोलणे शिकवायला ते मत काही अंशी योग्यही असेल. पण एकट्याने शिकणाऱ्या प्रौढाच्या डोक्यात मराठी असतेच. ती नाही असे धरून चालल्याने ती जात नाही, फक्त दिसेनाशी होते.

तर्खडकरांची भलामण करताना एक गोष्ट लपवणे बरे नाही. पाठमाला वाक्यापाशी थांबते. सुटी, एकमेकांशी संबंध नसलेली वाक्ये. तिच्या भाषेवर तिच्या काळाची पुटे आहेत आणि ती नव्याने लिहिण्याऐवजी आपण तिच्याविषयीच्या आठवणीच लिहीत राहिलो. सुटे वाक्य बिनचूक जमते आणि परिच्छेद जमत नाही, अशी माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत. न्याय म्हणून हेही सांगतो, की रेन-मार्टिनचा सर्वांत उपयुक्त भाग याच बाबतीतला आहे : दोन-तीन साधी वाक्ये जोडून एक करणे, एकाच आशयाचे वाक्य वेगवेगळ्या घडणीत मांडणे. त्या पानांची नावाजणी कुणी करत नाही. सगळे ‘ड्रेक’च्याच पानांवर अडलेले.

व्याकरणाच्या पुस्तकांहून अधिक उपयोगाचे साधन कोणते, असे कुणी विचारले तर मी शब्दकोश म्हणेन. पण इंग्रजी-मराठी नव्हे. इंग्रजी-मराठी कोश ‘एक्सप्लेन’ म्हणजे ‘समजावून सांगणे’ एवढे सांगतो, आणि ‘मला समजावून सांगा’चे आपण बिनदिक्कत ‘एक्सप्लेन मी’ करतो. तो शब्द ‘टू मी’ मागतो हे सांगतो तो शिकणाऱ्यांसाठी रचलेला कोश. या जातीच्या कोशांचा इतिहास मोठा बोलका आहे. मायकेल वेस्ट ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयात होता. बंगाली मुलांना नक्की कशासाठी आणि किती इंग्रजी लागते याचा विचार त्याने 1926 च्या ‘बायलिंग्विअलिझम’ या ग्रंथात केला, आणि 1935 मध्ये जेम्स एंडिकॉटसह असा कोश काढला, की त्यातले सगळे अर्थ दीड हजाराहून कमी शब्दांत सांगितलेले. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये शिकवत होता. त्याने सहकाऱ्यांसह केलेला कोश टोकियोत 1942 मध्ये, युद्ध पेटलेले असताना, छापला गेला. तोच पुढे ऑक्सफर्डचा ‘लर्नर्स डिक्शनरी’ म्हणून जगभर गेला. कोणते क्रियापद आपल्यामागे कोणती रचना घेते याचे 25 नमुने त्यात दिलेले होते. 1987 चा कोबिल्ड त्याच्या पुढे गेला : जॉन सिंक्लेअर आणि बर्मिंगहॅमची मंडळी यांनी प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजीचा प्रचंड साठा संगणकावर तपासला आणि अर्थ पूर्ण वाक्यात लिहिले, म्हणजे अर्थाबरोबर वापरही कळतो. लंडनमध्ये बसून लॅटिन डोळ्यांपुढे ठेवणाऱ्यांना जे सुचले नाही ते ढाक्यात आणि जपानमध्ये वर्गात उभे राहून शिकणाऱ्यांच्या चुका रोज ऐकणाऱ्यांना सुचले. मुंबईत तर्खडकरांना सुचले ते त्याच जातीचे होते.

लेखनकलेवरच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात. स्ट्रंक आणि व्हाइट यांचे ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ अमेरिकेत पूजेला लावलेले आहे : कॉर्नेलच्या प्राध्यापकाने 1918 मध्ये स्वखर्चाने छापलेली पुस्तिका, त्याच्या विद्यार्थ्याने 1959 मध्ये वाढवलेली. फापटपसारा काढा हा तिचा उपदेश चांगलाच. पण कर्मणी प्रयोग टाळा म्हणताना दिलेल्या चार उदाहरणांतली तीन कर्मणी नाहीतच, हे भाषाशास्त्रज्ञ जेफ्री पुलम यांनी 2009 मध्ये दाखवून दिले. इंग्रजी ज्यांची मायबोली आहे त्यांना अशा चुका पचतात. आपण त्या नियम म्हणून पाठ करतो. आपल्याला अधिक जवळचे सर अर्नेस्ट गोवर्स यांचे ‘प्लेन वर्ड्स’ (1948). ब्रिटिश सरकारी नोकरांची बोजड भाषा सुधारण्यासाठी लिहिलेले, आणि आपली कचेरीतली इंग्रजी त्याच भाषेची लेक. ‘आय बेग टू स्टेट दॅट’ने अर्ज सुरू करणाऱ्याला आपण ‘बेग’ का करतो आहोत, हा प्रश्न गोवर्स वाचल्यावर नक्की पडेल.

परिच्छेद मात्र यांतल्या कोणत्याही पुस्तकाने मला दिला नाही. तो एका फार जुन्या उपायाने मिळाला. रॉजर ॲस्कम या सोळाव्या शतकातल्या इंग्रज शिक्षकाने ‘द स्कूलमास्टर’ (1570) या ग्रंथात लॅटिनसाठी दुहेरी भाषांतर सांगितले आहे : लॅटिन उताऱ्याचे इंग्रजी करा, मूळ बाजूला ठेवा, काही वेळाने आपल्या इंग्रजीवरून पुन्हा लॅटिन लिहा आणि मुळाशी ताडून पाहा. शाळा फार न लाभलेल्या बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात याचाच भाऊबंद सांगितला आहे; ‘स्पेक्टेटर’मधल्या निबंधांची टिपणे काढून, काही दिवस जाऊ देऊन तो ते आठवणीने पुन्हा लिही आणि आपले दोष शोधी. आपल्या हातात दोन भाषा आहेत, म्हणजे ॲस्कमचा मार्ग आपल्याला खुलाच आहे. तर्खडकरांचे वाक्य त्याने परिच्छेदापर्यंत पोचते, आणि तपासून द्यायला मास्तर लागत नाही. मूळ उताराच मास्तर होतो. हल्ली चुका आपोआप दुरुस्त करणारी यंत्रे आली आहेत. ती ‘द’ घालून देतात, पण आपण तो का गाळला हे आपल्याला कळत नाही, आणि पुढच्या वेळी आपण तो पुन्हा गाळतो.

उतारे कोणाचे घ्यावेत? मी आर. के. नारायण यांच्यापासून सुरुवात केली. छोटी वाक्ये, ओळखीचे जग. पण खरा फायदा झाला तो बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ने (1936). प्रतिपक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडायचे, मग त्यातला एकेक धागा सोडवायचा, अशी त्यांची परिच्छेदाची बांधणी असते. आपली बाजू मांडायला इंग्रजी हवी असलेल्या माणसाला याहून योग्य वस्तुपाठ नाही. महाराष्ट्र शासनाने 1979 पासून काढलेल्या त्यांच्या लेखन-भाषणांच्या पहिल्याच खंडात तो निबंध आहे.

मी एक परिच्छेद मराठीत करून वही मिटून ठेवली आणि पंधरा दिवसांनी त्याचे पुन्हा इंग्रजी केले. मुळाशी ताडले तेव्हा शब्द बरेचसे जमलेले होते. लाल शाईच्या खुणा जवळजवळ सगळ्या दोनच प्रकारच्या : ‘द’, आणि वाक्यांना जोडणारे ते छोटे शब्द, जे मराठीत मी ‘तर’, ‘म्हणजे’, ‘तेव्हा’ यांवर सोडून दिले होते. रेन-मार्टिनच्या त्या जुन्या वह्या अजून माळ्यावर आहेत. त्यांत मास्तरांनी केलेली लाल खूण क्वचितच आहे.